पटकथालेखक आणि प्रसिद्धिप्रमुख: मूकपटकाळातील एका दुहेरी पेशाविषयी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 1910 च्या दशकात अमेरिकेतील चित्रपट कंपन्यांमध्ये काम केलेल्या एका लेखकाची कारकीर्द प्रश्नकर्ते जुळवीत आहेत. हा माणूस आधी वर्तमानपत्रात होता, पुढे एका कंपनीसाठी पटकथा लिहू लागला आणि 1916 च्या सुमारास दुसऱ्या कंपनीच्या प्रसिद्धी विभागात दिसतो. ही त्याची पदावनती समजायची का, आणि चित्रपटच उरलेले नसताना त्याने नेमके काय लिहिले हे ठरवायचे कसे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. मी गेली पंचवीसएक वर्षे मूकपटांच्या कागदपत्रांवर काम करीत आलो आहे, आणि अशा दुहेरी पेशाची माणसे माझ्या वाट्याला इतक्यांदा आली आहेत की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच देऊ शकतो: पदावनती समजू नका. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

आज पटकथालेखक आणि प्रसिद्धी पाहणारा माणूस यांची गाठ क्वचितच पडते. 1908 ते 1914 या काळात मात्र ही दोन्ही कामे एकाच कागदाभोवती फिरत होती आणि तो कागद म्हणजे कथासार. त्या वेळी चित्रपट बहुधा एका रिळाचा, म्हणजे सुमारे हजार फुटांचा असे आणि पंधराएक मिनिटांत संपे. बाहेरचा लेखक कंपनीकडे जे पाठवी त्यात सुरुवातीला कथासार, मग पात्रांची यादी, मग कोणते प्रसंग कोणत्या जागी घडतात याची नोंद आणि शेवटी प्रसंगवार क्रिया असा क्रम असे. कंपनीतील वाचक पुष्कळदा पहिले पानच वाचून निर्णय घेई. चित्रपट तयार झाला की तेच कथासार, किंचित रंग चढवून, व्यवसायाच्या साप्ताहिकांकडे जाई, कारण चित्रपटगृहाचा मालक आठवड्याचे चित्रपट निवडताना ते वाचत असे. हक्कनोंदणीसाठीही (कॉपीराइटसाठी) वर्णनाचा कागद लागे. म्हणजे लेखकाने विकण्यासाठी लिहिलेला मजकूर, मालकाला पटवण्यासाठी लिहिलेला मजकूर आणि सरकारदप्तरी दाखल केलेला मजकूर हे तिन्ही एकाच कथेचे थोड्याफार फरकाने केलेले तर्जुमे होते. ते तिन्ही एकाच माणसाने लिहिले तर कंपनीचा एक पगार वाचत असे, हे सांगायला नकोच.

असा माणूस कंपन्यांना मिळे तो वर्तमानपत्रांतून. अमेरिकन म्यूटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉय मॅककार्डेल या न्यूयॉर्कच्या पत्रकाराला चित्रपटांसाठी कल्पना लिहून देण्याच्या कामावर घेतले आणि खास लेखनासाठी नेमलेला पहिला माणूस म्हणून पुष्कळ इतिहासकार त्याचेच नाव घेतात. ‘न्यूयॉर्क ड्रॅमॅटिक मिरर’ या नाट्यसाप्ताहिकात ‘स्पेक्टेटर’ या टोपणनावाने चित्रपटांवर लिहिणारा फ्रँक वुड्स बायोग्राफला कथाही विकत होता, म्हणजे ज्या कंपनीच्या चित्रपटांवर अभिप्राय द्यायचा तिच्याकडूनच मानधन घेत होता. आज ही गोष्ट खटकेल; तेव्हा कोणाला खटकल्याचे माझ्या वाचनात नाही. पुढे 1915 च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’च्या पटकथेवर दिग्दर्शक ग्रिफिथबरोबर त्याचे नाव आले आणि 1927 साली ऑस्कर पारितोषिके देणारी अकादमी स्थापन करणाऱ्या छत्तीस जणांत तो होता. लुएला पार्सन्सचे नाव वाचकांना हॉलिवूडच्या गप्पांचे सदर लिहिणारी म्हणून माहीत असते. तिची सुरुवात शिकागोच्या एसाने कंपनीत आलेल्या पटकथा वाचण्यापासून झाली आणि 1915 मध्ये तिने चित्रपटांसाठी कसे लिहावे यावर पुस्तकही प्रसिद्ध केले.

पण या दुहेरी पेशाचा नमुना म्हणून एकच माणूस निवडायचा झाला तर मी एप्स विन्थ्रॉप सार्जंटला निवडीन. त्याचा जन्म 1872 मध्ये बहामा बेटांवरील नासाऊ येथे झाला. न्यूयॉर्कमध्ये ‘शिको’ या टोपणनावाने तो व्हॉडेव्हिलच्या खेळांवर, म्हणजे त्या काळच्या मिश्र करमणुकीच्या रंगमंचावर, तिखट परीक्षणे लिहीत असे आणि 1905 मध्ये ‘व्हरायटी’ हे करमणूक-व्यवसायाचे साप्ताहिक सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या लेखकवर्गात तो होता. लुबिन कंपनीसाठी त्याने अनेक छोट्या विनोदी पटकथा लिहिल्या. 1911 पासून ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ या साप्ताहिकात तो पटकथालेखनावर सदर चालवू लागला आणि त्यातूनच 1912 मध्ये ‘टेक्निक ऑफ द फोटोप्ले’ हे पुस्तक तयार झाले, ज्याच्या पुढे वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. आता त्याच्या कामाची दुसरी बाजू पाहा. त्याच साप्ताहिकात तो चित्रपटगृहांच्या मालकांसाठी जाहिरातीवरही सदर लिहीत असे आणि 1915 मध्ये चित्रपटगृहांच्या जाहिरातीवर त्याचे स्वतंत्र पुस्तक आले. एका सदरात नवोदित लेखकाला कथा कशी बांधावी हे सांगायचे आणि दुसऱ्या सदरात मालकाला तीच कथा गिऱ्हाइकाच्या गळी कशी उतरवावी हे सांगायचे, असा त्याचा आठवडा जात असे.

ही दोन सदरे शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट लक्षात येते, आणि तुमच्या लेखकाच्या बाबतीत ती उपयोगी पडेल. दोन्हीकडे शिकवण एकच आहे: कमी शब्द वापरा आणि डोळ्यांना दिसेल तेच लिहा. मूकपटात मजकुराची पाटी आली की तिच्या प्रत्येक शब्दामागे फिल्म खर्ची पडे आणि तेवढा वेळ क्रिया थांबे. म्हणून पटकथालेखकाला शब्द वाचवण्याची सवय लागली. जाहिरातीतही प्रत्येक ओळीचे पैसे मोजावे लागत. पाटी लिहिणारा हात आणि जाहिरातीची ओळ लिहिणारा हात एकाच तालमीत तयार झाला होता. पटकथालेखिका अनिता लूसच्या लेखनाकडे मी याच दृष्टीने पाहतो. तिने बायोग्राफला पंचवीस डॉलरना विकलेली ‘द न्यूयॉर्क हॅट’ 1912 मध्ये पडद्यावर आली आणि पुढे नट डग्लस फेअरबँक्सच्या चित्रपटांतील तिच्या पाट्याच लोक वाचून हसू लागले. 1916 च्या ‘हिज पिक्चर इन द पेपर्स’ची कथा तर वर्तमानपत्रात आपले छायाचित्र छापून आणण्यासाठी धडपडणाऱ्या तरुणाची आहे. प्रसिद्धी हा चित्रपटाचा विषय होण्याइतकी ती तोवर रोजच्या व्यवहारात मुरली होती.

कायद्यानेही हे दोन धंदे एकमेकांना बांधले होते, आणि ही बाजू अभ्यासकांकडून बहुधा सुटते. केलेम कंपनीने 1907 मध्ये ‘बेन-हर’ या गाजलेल्या कादंबरीवरून एका रिळाचा चित्रपट काढला. त्याची पटकथा कंपनीची नायिका आणि लेखिका जीन गाँटियर हिने लिहिली होती. कादंबरीच्या हक्कदारांची परवानगी कोणी घेतली नव्हती, कारण तशी ती घेण्याचा प्रघातच नव्हता. प्रकाशक हार्पर ब्रदर्स यांनी दावा लावला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. केलेमचे म्हणणे असे होते की आपण केवळ फिल्म तयार करून विकली. ती पडद्यावर दाखवून जर कोणी कादंबरीचे नाट्यरूप सादर केले असेल तर ते चित्रपटगृहवाल्यांनी केले. 1911 च्या निकालात न्यायमूर्ती होम्स यांनी हा बचाव मोडून काढला आणि त्यासाठी आधार घेतला तो कंपनीच्या जाहिरातीचा: कादंबरीचे नाट्यरूप म्हणून चित्रपट दाखवला जावा ही कंपनीची केवळ अपेक्षा नव्हती, तर जाहिरात करून तिने तसे आवाहन केले होते. कंपनीला सुमारे 25,000 डॉलर मोजावे लागले. गुन्हा पटकथेचा होता आणि पुरावा जाहिरातीचा. या निकालानंतर कथा कोठून आली आणि तिची जाहिरात कोणत्या शब्दांत झाली यांचा मेळ घालणे कंपन्यांना भाग पडले. मग दोन्ही कागद एकाच टेबलावरून जावेत ही केवळ काटकसर राहिली नाही.

दोन्ही कामे सर्वांत घट्ट जुळली ती 1913-14 च्या मालिकापटांत. सेलिग कंपनीचा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ 1913 च्या डिसेंबरअखेरीस सुरू झाला आणि पडद्यावर जो भाग दिसे त्याची कथा ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये छापून येई. पाठोपाठ 1914 मध्ये पाथे कंपनीचा ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ वृत्तपत्रसम्राट हर्स्टच्या वर्तमानपत्रांच्या जोडीने आला. त्याच वर्षी थॅनहाउसर कंपनीच्या ‘द मिलियन डॉलर मिस्टरी’साठी शेवटचा भाग सुचवणाऱ्या वाचकाला 10,000 डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. त्याची पटकथा लॉइड लोनर्गनची होती आणि तोही मुळात वर्तमानपत्रातलाच. आता यात पटकथा कोठे संपली आणि प्रसिद्धी कोठे सुरू झाली हे कोणी सांगावे? छापील भाग ही कथा होती की जाहिरात? बक्षिसाची घोषणा ही जाहिरात होती खरी, पण कथेचा शेवट मोकळा ठेवण्याचा निर्णय तिच्यामुळेच घ्यावा लागला होता. तुमचा लेखक 1914 च्या आसपास मालिकापट काढणाऱ्या कंपनीत असेल तर त्याच्या हुद्द्यावर विसंबू नका; त्या वर्षी त्या इमारतीत हुद्दा काहीही असला तरी लिहिण्याचे काम बहुधा एकच होते.

मग 1916 मध्ये तो प्रसिद्धी विभागात का गेला असेल? यावर माझे मत असे. 1914 नंतर लांब चित्रपट रुळले आणि कंपन्या गाजलेल्या कादंबऱ्या व नाटके विकत घेऊ लागल्या. स्वतंत्र कथेची, विशेषतः छोट्या कथेची, किंमत घसरली. स्टुडिओत कामाची वाटणी झाली: एक जण वाचणार, दुसरा रूपांतर करणार, तिसरा चित्रीकरणासाठी प्रसंगवार सविस्तर पटकथा बांधणार आणि चौथा पाट्या लिहिणार. ज्या माणसाने पाच वर्षे ही चारही कामे एकट्याने केली होती त्याला यातले एकच निवडायला सांगितले गेले. 1919 मध्ये निर्माता गोल्डविनने ‘एमिनंट ऑथर्स’ ही संस्था काढून नामांकित कादंबरीकारांना पुढे केले, तोवर जुना अष्टपैलू पटकथालेखक बाजूला पडला होता. याउलट प्रसिद्धी विभागाला भरती येत होती. तेथे जलद लिहिणारा, वर्तमानपत्रांत ओळखी असलेला आणि कथा रचू शकणारा माणूस हवा होता, आणि रचणे हा शब्द मी मुद्दाम वापरतो. 1910 च्या मार्चमध्ये कार्ल लेमलीच्या कंपनीने फ्लॉरेन्स लॉरेन्स या नटीच्या मृत्यूची अफवा खोटी असल्याची मोठी जाहिरात दिली. ती अफवा कंपनीनेच पेरली असावी असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 1915 मध्ये फॉक्स कंपनीने थिडा बारा हिला सहाराच्या वाळवंटात जन्मलेली गूढ स्त्री म्हणून पुढे आणले, प्रत्यक्षात ती सिनसिनाटीची थिओडोशिया गुडमन होती. पटकथेला लागते तेवढीच कल्पकता या चरित्राला लागली असणार, फक्त श्रेयनामावलीत त्याची नोंद होत नाही. म्हणून म्हणतो की 1916 मध्ये प्रसिद्धी विभागात गेलेला लेखक खाली गेला असे धरू नका. पुष्कळदा तो लिहिण्याच्या जास्त मोकळ्या जागी गेला होता.

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार 1912 ते 1929 या काळात तेथे 10,919 लांब मूकपट प्रदर्शित झाले आणि त्यांपैकी मूळ स्वरूपात, 35 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर, केवळ 14 टक्के उरले आहेत. एका रिळाचे चित्रपट या हिशेबात धरलेलेच नाहीत. म्हणजे तुमच्या लेखकाचे काम तुम्हाला पाहायला मिळण्याची शक्यता कमी आहे आणि त्याविषयी वाचायला मिळण्याची शक्यता पुष्कळ आहे. जे वाचायला मिळेल ते प्रसिद्धी विभागाने लिहिलेले असेल, आणि खरी अडचण येथेच आहे.

सुरुवात हक्कनोंदणीपासून करा. हक्ककायद्याच्या 24 ऑगस्ट 1912 च्या दुरुस्तीपूर्वी चित्रपटाची नोंद छायाचित्र म्हणून होत असे. त्यानंतर तो स्वतंत्र वर्ग झाला. नोंदणीसाठी आलेल्या फिल्म ज्वालाग्राही असल्याने ग्रंथालय त्या कंपन्यांना परत करी आणि वर्णनाचे कागद ठेवून घेई. आज फिल्म गेली आणि कागद राहिला, त्याचे एक कारण ही व्यवस्था आहे. 1912 ते 1939 या काळातील नोंदींची छापील सूची उपलब्ध आहे. तीत कंपनी, दिनांक, रिळांची संख्या आणि पुष्कळदा लेखकाचे नावही मिळते. मात्र तेथे नाव नसणे हा लेखकाने काम न केल्याचा पुरावा नाही, विशेषतः पगारी लेखकांच्या बाबतीत, कारण त्यांचे नाव देण्याची कंपनीला गरजच नसे.

त्यानंतर साप्ताहिके पाहा. ‘मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड’ 1907 पासूनचे आहे आणि मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीने त्याचे आणि त्याच्या प्रतिस्पर्धी साप्ताहिकांचे खंड शोधता येतील अशा रूपात खुले केले आहेत. शोधताना आडनावाची चुकीची वर्णरूपेही टाकून पाहा. नावानेच शोध घेऊन थांबू नका; तुमचा लेखक ज्या कंपनीत होता तिच्या बातम्यांचा स्तंभ त्या दोन वर्षांपुरता सलग वाचून काढा. काम कंटाळवाणे आहे. पण एखाद्या माणसाची लेखनशैली ओळखू येते ती अशा वाचनानेच, आणि तो कंपनी सोडून गेल्याच्या आठवड्यात त्या स्तंभाची भाषा एकदम बदललेली मी दोनतीनदा पाहिली आहे.

1916 ते 1921 दरम्यान निघालेल्या स्टुडिओ-निर्देशिकांत लेखकांच्या छोट्या चरित्रनोंदी मिळतात. त्या उपयुक्त आहेत, पण माहिती ज्याची त्याने दिलेली असे. प्रसिद्धीचे काम करणाऱ्याने स्वतःविषयी दिलेली माहिती कशी वाचायची हे वेगळे सांगायला नको. जन्मवर्ष, शिक्षण आणि ‘शंभराहून अधिक पटकथा’ यांसारखे आकडे यांना मी दुसरा आधार मिळेपर्यंत पेन्सिलीनेच लिहून ठेवतो. उलट, कोणत्या वर्तमानपत्रात काम केले याविषयीचा दावा बहुधा खरा निघतो, कारण तो तपासणारे त्याच धंद्यातले असत.

कथासारांविषयी मात्र मी स्वतः फसलो आहे. सुरुवातीच्या काळात मी एका हरवलेल्या दोन रिळांच्या चित्रपटावर लेख लिहिला आणि साप्ताहिकात छापलेल्या कथासारावरून त्याच्या करुण शेवटाचे बरेच कौतुक केले. काही वर्षांनी परदेशातील एका संग्रहात त्याची प्रत सापडली. शेवट सुखाचा होता. कथासार पटकथेवरून लिहून छापखान्यात गेले होते आणि चित्रपट त्यानंतर बदलला होता. लेखाची चूक मी दुरुस्त केली, पण त्यातून एक फायदाही झाला: चित्रपटात नसलेला तो शेवट लेखकाच्या पटकथेतला होता, म्हणजे प्रसिद्धीच्या कागदाने चित्रपटाविषयी चुकीची आणि लेखकाविषयी बरोबर साक्ष दिली होती. तेव्हापासून मी कथासार वाचताना ते चित्रीकरणाच्या आधीचे की नंतरचे हे आधी पाहतो. कथासारात पात्रांची नावे पाट्यांतील नावांपेक्षा वेगळी असतील, किंवा साध्या चित्रीकरणात दाखवता येणार नाहीत असे मनातले विचार असतील, तर ते बहुधा पटकथेवरून उतरले आहे. छायाचित्रांतील वेशभूषा आणि जागा यांच्याशी ते तंतोतंत जुळत असेल तर चित्रपट पाहून लिहिलेले असण्याची शक्यता जास्त.

तुमचा लेखक 1921 नंतरही काम करीत असेल तर आणखी एक ठिकाण आहे. न्यूयॉर्क राज्याच्या चित्रपट परीक्षण विभागाकडे 1921 ते 1965 या काळात परवान्यासाठी आलेल्या चित्रपटांचे लिखित मजकूर राज्याच्या अभिलेखागारात जपलेले आहेत. मूकपटांच्या बाबतीत तेथे पडद्यावर गेलेल्या पाट्यांची यादी मिळू शकते. प्रसिद्धी खात्याची भाषा आणि पाट्यांची भाषा शेजारी ठेवून पाहण्याची ही दुर्मीळ सोय आहे. दोन्हीत एकच लकब दिसली, म्हणजे तीच विशेषणे, तसेच अर्धविराम, वाक्याच्या शेवटी तसाच टोमणा, तर मी ते श्रेय म्हणून नोंदवत नाही, पण ‘बहुधा याचेच’ असे टिपणात लिहितो.

1920 नंतरच्या त्याच्या कारकिर्दीविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. तोवर प्रसिद्धी हा स्वतःच्या संघटना असलेला पेशा झाला होता. पश्चिम किनाऱ्यावरील प्रसिद्धिकारांची वॅम्पस ही संघटना 1922 पासून दरवर्षी होतकरू नट्यांची निवड जाहीर करू लागली. पटकथा आणि प्रसिद्धी यांच्यातली ये-जा कमी झाली. पाट्या लिहिणाऱ्यांचे दिवस त्यानंतर लवकरच भरले: 1929 च्या पहिल्या अकादमी समारंभात पाट्यांच्या लेखनासाठी जोसेफ फार्नहॅमला पारितोषिक मिळाले आणि बोलपट आल्यामुळे तो विभाग पुन्हा कधी ठेवलाच गेला नाही. 1927 च्या पुढे तुमच्या लेखकाचे नाव स्टुडिओंच्या कागदांत दिसेनासे झाले तर तो निवृत्त झाला किंवा वारला असे गृहीत धरण्याआधी त्याच्या जुन्या शहराची वर्तमानपत्रे पाहा. यांतले कित्येक जण जेथून आले होते तेथेच, संपादकीय टेबलावर, परत गेलेले मला सापडले आहेत.